शौचालयाची किल्ली कुणाकडे?

बेळगावात समुद्र नाही. तरी मुलांच्या परीक्षा संपल्या किंवा जोडून दोन सुट्ट्या आल्या की आमच्या गल्लीतली निम्मी घरं समुद्राकडे निघतात. कुणी चोर्ल्यानं गोव्यात उतरतं, कुणी आंबोलीवरून वेंगुर्ल्याला जातं, कुणी खानापूर-रामनगर करत अणशी घाटातून कारवारला. डब्यात भडंग, पिशवीत कुंदा आणि मागच्या सीटवर गुडघे चोळत बसलेली आई.

दोन वर्षांपूर्वी असेच एका किनाऱ्यावर गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काठानं फिरायला नवाकोरा रस्ता झाला होता. रंगीत पेव्हर, चकचकीत कठडा, अंधार पडला की निळे होणारे दिवे. टोकाला गुलाबी रंगाचं शौचालय. त्याला कुलूप. आईला घाई होती म्हणून मी विचारत सुटलो. शहाळीवाला म्हणाला, किल्ली वॉचमनकडं. वॉचमन जेवायला घरी गेलेला, कधी येईल कुणालाच ठाऊक नाही. शेवटी सुरूच्या झाडांमागं माझी बायको ओढणीचा आडोसा धरून उभी राहिली. परत येताना आई एवढंच म्हणाली, "एवढा पैसा घातलाय, खरं बाईमाणसाचा विचार कुणी केला नाही बघ." (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याच्या पाहुण्यांचा इथं हमखास गोंधळ होतो.)

मी सिव्हिलची ड्रॉइंगं काढून पोट भरतो. गेल्या पंचवीस वर्षांत शौचालयाचे चौकोन किती काढले याची मोजदाद नाही. चौकोनात भांडं कुठं, नळ कुठं, खिडकी किती उंचीवर, सगळं दाखवलं. किल्ली कुठं टांगायची हे मात्र एकदाही दाखवलं नाही. समुद्रकाठच्या सार्वजनिक सोयी लोकांच्या पुढाकारानं कशा आखायच्या हे समजून घ्यायचं, तर माझ्या मते त्या किल्लीपासून मागं मागं जावं लागतं.

आधी समुद्राचं ऐकायचं

असल्या रस्त्याला प्रॉमेनाड म्हणतात, म्हणजे पाण्याच्या काठानं पायी फिरायची मोकळी जागा. मुंबईचा मरीन ड्राइव्ह सगळ्यांना माहीत आहे. आपल्या बेळगावच्या किल्ला तलावाच्या काठावरची वाटसुद्धा त्याच जातीची. तिथं ११० मीटर उंच ध्वजस्तंभाच्या आसपास सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना जे लागतं, तेच समुद्रावर चालणाऱ्यालाही लागतं: सावली, बसायला जागा, प्यायला पाणी, शौचालय, उजेड. फरक पाण्याच्या स्वभावात आहे. तलाव आपल्या जागेवर बसून असतो. समुद्र दिवसातून दोनदा अंगावर येतो आणि दोनदा मागं सरकतो.

दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, त्यामुळं भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं जाते. कोकणातली जुनी माणसं याचा हिशेब बोटांवर करतात. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं ते उधाण, अष्टमीच्या सुमाराला कमी चढतं तो भांग. आता समजा, आमच्यासारखा घाटावरचा माणूस भांगाच्या दिवशी ओहोटीला येऊन लेव्हल (जमिनीच्या उंचीची मापं) घेऊन गेला. त्याला दिसलेला रुंद, शांत किनारा नारळी पौर्णिमेच्या दुपारी जाग्यावर नसतो. ज्या कागदावर त्यानं बाक दाखवला तिथं कमरेइतकं पाणी असतं. रापणीवरच्या, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या म्हाताऱ्याला हे विचारायला पाच मिनिटं पुरली असती. लोकांना विचारून काम करण्याचं सगळ्यात रोखठोक कारण हेच. त्यात भलेपणाचा प्रश्न फार पुढं येतो, आधी माहितीचा येतो.

मग मोह होतो भिंतीचा. समुद्र आत येतो ना, बांधा भिंत. सपाट वाळूवर लाट चढते, दमते आणि हळूच परत फिरते. भिंतीवर आपटलेली लाट मात्र दमत नाही, तशीच उलटते आणि भिंतीच्या पायाची वाळू उपसून नेते. भिंत जिथं संपते तिथून पुढच्या, शेजाऱ्याच्या वाळूला तर आणखी मार बसतो, कारण वाळू किनाऱ्यालगत सतत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वाहत असते आणि आपण मध्येच तिची वाट अडवलेली असते. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली काँक्रीटचे जे चार पायांचे ठोकळे पडलेत ते टेट्रापॉड. १९५० साली फ्रान्समध्ये हा आकार शोधला गेला. ते एकमेकांत अडकतात, त्यांच्या फटींतून पाणी शिरतं, फुटतं आणि लाटेचा जोर तिथंच जिरतो. मोठ्या शहराच्या उघड्या काठावर ते शोभतंय. गावच्या वाळूवर तेच काम बिनपैशात करणारी वेल आहे, मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, वाळूवर सरपटत जाणारी, मुळांनी वाळू धरून ठेवणारी. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, खरं बरोबर ठेवलं. रुंदीकरणाच्या कामात सगळ्यात आधी तिलाच उपटतात.

कायदाही या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. भरतीचं पाणी जिथवर चढतं ती भरतीरेषा, आणि तिथून जमिनीकडं ५०० मीटरपर्यंतचा पट्टा म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र, बोलण्यात 'सीआरझेड'. त्याची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, तिसरी २०१९ ची. तिसऱ्या अधिसूचनेत किनाऱ्यावर शौचालय, कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, पिण्याचं पाणी, बसायची सोय, पेव्हरची पायवाट अशा तात्पुरत्या सोयींना वाव दिला आहे, पण भरतीरेषेपासून किमान १० मीटर सोडून. 'तात्पुरत्या' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. वाळूवर आरसीसीचा पाया घालून कायमचं बांधकाम करायला ही सूट नाही. सूट आहे ती उचलून नेता येईल अशा गोष्टींना, म्हणजे लाकडी सांगाडा, नटबोल्टची जोडणी, उकरून काढता येणारे ब्लॉक. मला वाटतं हे बंधन डिझाइनच्या फायद्याचंच आहे. जे उचलता येतं ते चुकल्यावर हलवताही येतं.

राहिली खारी हवा. बेळगावात गॅल्व्हनाइज्ड पाइपचा कठडा पंधरा वर्षं काढतो म्हणून तोच समुद्रावर लावाल तर काही पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतील. स्टेनलेस स्टीलमध्येही आमच्याकडं सर्रास मिळतं ते ३०४ नंबरचं. समुद्रावर ३१६ लागतं, त्यात मॉलिब्डेनम असल्यानं मीठ त्याला लवकर खात नाही. किंमत अर्थातच जास्त. एस्टिमेटमध्ये नुसतं 'एसएस रेलिंग' लिहिलेलं असलं की काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको. कारवारकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा जिथं लोखंड टाळता येईल तिथं टाळावं. जांभ्याचा चिरा तिथलाच, गवंडी तिथलाच, आणि चिऱ्याचा कट्टा मोडला तर दुरुस्तीला बेंगळुरूहून माणूस बोलवावा लागत नाही.

लोक म्हणजे नेमके कोण

'लोकसहभागातून' हा शब्द आजकाल प्रत्येक फलकावर असतो. १९६९ साली शेरी अर्नस्टीन या अमेरिकन बाईंनी या शब्दाची चांगली झडती घेतली होती. त्यांनी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं गुंडाळलं जातं. मधल्या तीन पायऱ्यांवर त्यांना माहिती देतात, मत विचारतात, एखाद-दुसऱ्याला समितीत बसवून शांत करतात, पण निर्णय आधीच झालेला असतो. वरच्या तीन पायऱ्यांवर गेल्यावर खरा अधिकार वाटला जातो: आधी भागीदारी, मग सोपवलेला अधिकार, सगळ्यात वर लोकांच्याच हातात कारभार. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर लग्नाची पत्रिका छापून झाल्यावर "तारीख कशी वाटली?" असं विचारणं ही मधली पायरी. बहुतेक सभा तिथंच होतात. प्रोजेक्टरवर संगणकातलं चित्र, त्यात गोरीगोमटी माणसं सायकल चालवतायत, आणि शेवटी "कुणाला काही सूचना?"

सभेला येतो कोण, हा त्याहून मोठा प्रश्न. संध्याकाळी सहाला सभा ठेवली तर पेन्शनर येतात. मासे विकणारी बाई त्या वेळी बाजारात असते. म्हणून सभेच्या आधी करायचं काम म्हणजे काठावर जाऊन बसणं. पहाटे पाच, सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री नऊ. वहीत नुसतं लिहायचं: कोण आलं, काय केलं, कुठं टेकलं, कुठं अडलं. एक कामाचा दिवस आणि एक रविवार एवढं केलं तरी डोळे उघडतात. पहाटे जाळी ओढणारे, आठला शाळेची वाट तोडून जाणारी पोरं, दुपारी बोटीच्या सावलीत झोपलेले, सहाला आपण बेळगावकर, नऊला ज्यांना घरी जागा नाही ते.

रापण पाहिली नसेल तर एकदा पाहा. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकत जातात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणून वीस-पंचवीस माणसं दोन रांगांत ती ओढतात. ओढणारा माणूस मागं मागं सरकत येतो. त्याला मागं सरकायला मोकळी वाळू लागते, होडी वर चढवायला उतार लागतो, मासळी वाळवायला ऊन लागतं. तिथं सलग कठडा घातला, की पर्यटकांसाठी देखावा झाला आणि ज्यांचा किनारा त्यांचं अंगण गेलं. कठड्यात ठराविक अंतरावर मोकळ्या फटी ठेवणं एवढं साधं उत्तर असतं. पण त्या फटी कुठं, हे ड्रॉइंगवाल्याला टेबलावर बसून कळत नाही. रापणकरच दाखवू शकतो, "हितनं होडी येते."

फेरीवाल्यांचं तसंच. आपल्याकडं सुशोभीकरण म्हणजे आधी हातगाडे हाकला अशी एक समजूत आहे. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा त्याच्या बरोबर उलट सांगतो. प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती असली पाहिजे, तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडून आलेले आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार बघा. रात्री साडेनऊला काठावर एकट्या बाईला सुरक्षित कशामुळं वाटतं? कॅमेऱ्यापेक्षा गिरमिट (आमच्याकडचा चुरमुऱ्यांचा पदार्थ) विकणाऱ्याच्या गाड्यावरच्या बल्बमुळं.

या बाबतीत मुंबईचं उदाहरण नेहमी देतात, आणि ते देण्यासारखं आहेच. वांद्र्याला बँडस्टँड आणि कार्टर रोडच्या काठावर रहिवाशांच्या संघटनांनी पुढाकार घेतला, पी. के. दास या वास्तुरचनाकारांनी आराखडे केले आणि कचऱ्याचा, राड्यारोड्याचा काठ फिरण्याजोगा झाला. मी स्वतः तिथं बसलो आहे, झकास आहे. तरी एक शंका राहते. ज्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो ते रहिवासी संघटना काढू शकतात, पत्रं लिहू शकतात, नगरसेवकाला फोन लावू शकतात. शेजारच्या कोळीवाड्यातल्या बाईकडं त्यातलं काहीच नसतं. 'रहिवासी' आणि 'लोक' हे दोन शब्द सारखे धरले की शिडीच्या वरच्या पायऱ्यांवरसुद्धा ठराविक चेहरेच दिसतात.

फक्की आणि मंडपवाल्याच्या खुर्च्या

नकाशा वाचता येणं हे शिकलेल्या माणसाचं कसब आहे, आणि शिकलेल्यांतही थोड्यांनाच येतं. माझ्या बायकोला मी आमच्याच घराचा प्लॅन दाखवला तेव्हा तिनं तो उलटा धरला होता. मग वाळूवरच्या सोयी लोकांना कागदावर कशा दाखवायच्या? दाखवूच नयेत. जागेवर, खऱ्या मापात दाखवाव्यात.

हे मी शिकलो ते आमच्या वडगावच्या गल्लीत. कोपऱ्यावर एक मोकळा तुकडा होता, तिथं कट्टा आणि पाण्याची टाकी करायची असं मंडळाच्या पोरांनी ठरवलं. ड्रॉइंग माझ्याकडं आलं. मी रुबाबात ए-थ्री कागदावर प्रिंट काढून नेली. सगळ्यांनी मान हलवली, कुणाला काही कळलं नव्हतं. मग एका पोरानं कबड्डीच्या मैदानाची फक्की आणली आणि जमिनीवरच आखलं. कट्ट्याच्या जागी मंडपवाल्याच्या प्लास्टिक खुर्च्या मांडल्या, टाकीच्या जागी बॅरल ठेवलं. आठ दिवस तसंच राहू द्यायचं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या मावशी आल्या. "हे बॅरल हितं कशाला ठेवलाय ओ?"

"टाकी येणार मावशी तिथं."

"मग आम्ही पाणी भरताना हे सगळे पोरं खुर्चीवर बसून आमच्याकडंच बघत बसणार की!"

पंचवीस वर्षांच्या अनुभवात मला हे सुचलं नव्हतं. खुर्च्या फिरवल्या, बॅरल सहा फूट मागं गेलं. तिसऱ्या दिवसापासून दुपारच्या खुर्च्या आपोआप पश्चिमेच्या भिंतीकडं सरकलेल्या दिसू लागल्या, कारण सावली तिकडं. आठव्या दिवशी फक्की पुसट झाली होती आणि माझं मूळ ड्रॉइंग निकामी. खर्च किती आला? फक्कीची एक पिशवी, आणि खुर्च्यांचं भाडं मंडपवाल्यानं घेतलं नाही.

समुद्रावरही हेच करता येतं, आणि तिथं ते जास्त गरजेचं आहे. एक अमावास्या आणि एक पौर्णिमा येऊ द्यायची. बांबू रोवून पाणी कुठवर आलं त्याची खूण करायची. बसायच्या जागी खुर्च्या, शौचालयाच्या जागी नुसता ताडपत्रीचा चौकोन. बायका तिथवर जातात की वाट वाकडी करतात, हे बघितलं की जागा बरोबर की चूक ते कळतं.

कट्टा, उतार, पाटी

बाक आणि कट्टा यांत मी कट्ट्याच्या बाजूचा. बाकावर माणूस एकाच दिशेला तोंड करून बसतो, जणू नाटक बघायला आलाय. कट्ट्यावर इकडं पाय सोडले तर समुद्र, तिकडं सोडले तर रस्ता, मांडी घातली तर पत्त्यांचा डाव. पाचाच्या जागी आठ मावतात. मात्र आईला कट्ट्यावरून उठताना हाताला धरायला काही लागतं, पाठ टेकायला लागते. म्हणून दर चार-पाच कट्ट्यांमागं एक तरी पाठीचा, हाताच्या दांड्याचा बाक हवाच. उंची साधारण ४५ सेंटिमीटर. त्याहून खाली बसलेल्या म्हातारीला उठवायला दोघं लागतात. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवण्याची एक नवी टूम निघाली आहे, कुणी आडवं होऊ नये म्हणून. दुपारी दोनला बोटीवरून आलेला माणूस आडवा झाला तर कुणाचं काय बिघडतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

उताराचं गणित सोपं आहे. व्हीलचेअरसाठी नियम एकास बारा: एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्यांचा, ४५ सेंटिमीटरचा ओटा असेल तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब लागतो. जागा वाचवण्यासाठी तो दोन मीटरमध्ये बसवला की फोटोत रॅम्प दिसतो आणि प्रत्यक्षात त्याची घसरगुंडी होते. वर पोचल्यावर खुर्ची वळवायला दीड मीटर मोकळी जागा हवी. पिवळ्या उठावदार फरश्या आता सगळीकडं दिसतात. त्यांत लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे 'चालत राहा' आणि ठिपक्यांची म्हणजे 'थांब, पुढं काहीतरी आहे'. सेइइची मियाके या जपानी गृहस्थांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. आपल्याकडच्या गवंड्याला हा अर्थ कुणी सांगत नाही. तो बिचारा नक्षी म्हणून बसवतो, आणि मग चालत राहा, चालत राहा करत त्या फरश्या थेट विजेच्या खांबावर नेऊन आदळतात.

पाटीचा विषय काढला की सीमाभागात सगळे सावध होतात. कुठली लिपी वर, कुठली खाली, यावर आपण पिढ्या घालवल्या. शौचालयाच्या पाटीपुरतं मी एवढंच म्हणेन, की पोट बिघडलेल्या माणसाला लिपी दिसत नाही, बाण दिसतो. आधी मोठं चित्र आणि बाण, किती पावलं ते आकड्यात, मग कन्नड आणि बाकीच्या भाषा. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कोकणी, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे एकाच नळावर पाय धुतात.

दिव्यांबद्दल थोडक्यात. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की उजळ क्षितिजाकडं, म्हणजे समुद्राकडं धावतात. मागं पांढरे झगझगीत दिवे असले तर ती रस्त्याकडं धावतात. दिवे बुटके, पिवळसर, खाली तोंड केलेले असले की माणसांचंही भागतं आणि पिल्लांचंही.

आता तो गुलाबी चौकोन

शौचालयात तीन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, जागेची वाटणी. पुरुषांना आणि बायकांना सारखंच क्षेत्रफळ दिलं की न्याय झाला असं आम्ही मानतो. पण पुरुषांच्या बाजूला मुताऱ्या कमी जागेत जास्त बसतात, बायकांच्या बाजूला प्रत्येकीला बंद खोली लागते. म्हणजे तेवढ्याच जागेत बायकांची सोय कमी. त्यात बायकांना वेळ जास्त लागतो, बरोबर मूल असतं, पाळी असते, साडी असते. म्हणून रांग नेहमी त्यांच्या दाराशी. मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या गटांनी 'राइट टू पी' नावाची मोहीमच चालवली, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामाला पैसे, असा प्रकार होता. आत पिशवी अडकवायला खुंटी, आतून लागणारी कडी, पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि बाळाला बदलायला फळी (ती पुरुषांच्या बाजूलाही हवी) या गोष्टी एस्टिमेटच्या हिशेबात किरकोळ. बाईच्या हिशेबात त्याच मुख्य.

दुसरी, मैला जातो कुठं. आपल्याकडं घाटावर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा चालून जातो. समुद्राकाठी वाळूखाली थोड्या खोलीवर पाणी लागतं. शोषखड्ड्यातलं पाणी वाळूतून झरझर जाऊन गावच्या विहिरीत उतरतं, आणि पावसाळ्यात जमिनीतलं पाणी चढलं की हलका, रिकामा टँक चक्क वर उचलला जातो. तेव्हा गावात ड्रेनेजची लाइन असेल तर तिला जोडायचं, नसेल तर बंद टाकी बसवून ती वेळेवर उपसायची. उपसणार कोण, कधी, हे बांधायच्या आधी लिहून ठेवायचं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, म्हणजे पैशाचा हिशेब अर्धाच मांडतात. नुसतं उदाहरण म्हणून घ्या. बांधायला २० लाख लागले. दोन पाळ्यांत झाडणारी दोन माणसं, पाणी, वीज, साबण, मोडतोड मिळून महिन्याला ४० हजार. वर्षाचे ४ लाख ८० हजार. म्हणजे चार-सव्वाचार वर्षांत देखभालीवर बांधकामाएवढेच पैसे जातात. बांधकामाला निधी येतो, कोनशिला बसते, नारळ फुटतो. चाळीस हजारांना कोनशिला नसते. मग वीज तुटते, नळ जातो, आणि खराब होऊ नये म्हणून कुलूप लागतं. कुलूप हे बहुतेक वेळा आळसाचं नसतं, न मांडलेल्या हिशेबाचं असतं.

या हिशेबाची सवय आपल्याला नाही असं नाही. गणपतीचं मंडळ वर्गणी किती आली, मूर्तीला किती, मंडपाला किती, शिल्लक किती, सगळं फळ्यावर लिहून लावतं आणि गल्ली ते वाचते. एका रुपयाची चूक निघाली तर दिवाळीपर्यंत चर्चा चालते. शौचालयाच्या दारावर तसाच एक फळा लावा: या महिन्यात जमा इतके, पगार इतका, टँकर इतका. समितीत कोण असावं हेही मग उघड होतं. जो दिवसभर तिथं असतो तो. म्हणजे शहाळीवाला, मासळीवाली, झाडणारी बाई स्वतः, रापणकरांचा एक माणूस, आणि चौकीदारी न करता हिशेब तपासायला एखादा पेन्शनर. पंचायत किंवा नगरपालिकेशी लेखी करार हवा, नाहीतर पहिली मोटर जळल्यावर समिती विरघळते. करारात झाडणाऱ्या बाईचा पगार आधी, बाकी सगळं नंतर.

गेल्या डिसेंबरात आई पुन्हा म्हणाली, समुद्र बघायचाय. मी तेच गाव घेतलं, खोटं कशाला बोला, मुद्दाम घेतलं. निळे दिवे निम्मे गेले होते, कठड्याला गंज चढला होता. गुलाबी रंग उडून शौचालय मळकट झालं होतं. दार मात्र उघडं होतं. बाजूला ताडपत्रीखाली चहाची टपरी नवी झालेली. स्टोव्हच्या वर, गाळणीशेजारच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक किल्ली लटकत होती. टपरीवालीनं आईकडं, मग तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवून उठली.

"सवकास वचात आजी," ती म्हणाली, "भितर ओलें आसा."

आईला कोकणी येत नाही. तिनं पदर खोचला, टपरीवालीचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मी बाहेर दूध उतू जाऊ नये म्हणून स्टोव्हजवळ उभा राहिलो.